२५ चा रॉड १९ का झाला?

वाचकाचं पत्र

सादर नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहतो. शाळा हिंदी माध्यमात झाली. दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला, आता चौथं सेमिस्टर चालू आहे. इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल या दोन विषयांत बॅक आहे, म्हणजे पेपर राहिले आहेत; ड्रॉइंगमध्ये तर दुसऱ्यांदा. मागच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे रॉड फिरवून कापायच्या मशीनवर, २५ मिमी व्यासाचा रॉड २२ करायचा होता, तो १९ झाला. सरांनी सगळ्यांसमोर जॉब (करून दाखवलेलं काम) परत केला. स्ट्रेंथचं एक गणित सोबत जोडलं आहे. तीनदा करूनही पुस्तकातलं उत्तर येत नाही. ड्रॉइंगच्या शीटचा फोटोही पाठवतो आहे. क्लासवाले म्हणतात, गेस पेपर पाठ कर, निघून जाशील. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, त्यामुळे घरात या कामाला मान आहे. पण आता बाबा म्हणतात, हे तुझ्या डोक्यावरून जातंय, त्यापेक्षा सियागंजात काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बस. मी खरंच सोडून द्यावं का?

एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर

प्रिय मित्रा,

सोडू नकोस. तुझं गणित, तुझी शीट आणि त्या रॉडची हकिकत, तिन्ही नीट तपासून मगच हे लिहीत आहे. तिन्हींत चूक आहे, पण प्रत्येकात मुख्य एकच, आणि ती बोट ठेवून दाखवता येते. ज्याला विषय मुळातच कळलेला नाही त्याच्या चुका पानभर सांडलेल्या असतात आणि दर वेळी वेगळ्या असतात. तुझं तसं नाही. तू तीनदा गणित केलंस आणि तिन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर आलं, याचा अर्थ तुझी रीत पक्की आहे आणि तिच्यातला एक सांधा निखळलेला आहे.

रॉडपासून सुरुवात करू, कारण ते तुला सगळ्यांत जास्त लागलेलं दिसतं. २५ चा २२ करायचा म्हणजे ३ मिमी कमी करायचे, म्हणून तू क्रॉस स्लाइडच्या (टूल रॉडकडे सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर ३ मिमी आत घेतलेस. टूल ३ मिमी आत गेलं. पण रॉड फिरतो आहे. टूल एका बाजूने ३ मिमी खातं तेव्हा अर्ध्या फेऱ्यानंतर समोरची बाजूही तितकीच खाल्ली जाते. व्यास ६ ने घटला, २५ मधून ६ गेले, १९ उरले. अगदी १९, साडेअठरा नाहीत. तुझा हात अचूक चालला, फक्त डायलला विचारायचा प्रश्न चुकला. व्यास जितका कमी करायचा त्याच्या निम्मं टूल आत घ्यायचं, म्हणजे इथे १.५ मिमी.

तेही एका दमात घ्यायचं नाही. आधी हलका कट मारून व्यास मोज. मग अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या खोलीचे रफ कट घे आणि व्यासावर साधारण अर्धा मिमी शिल्लक राहिला की थांब. लेथ बंद कर, रॉड जरा गार होऊ दे, पुन्हा मोज आणि उरलेल्याच्या निम्मी खोली देऊन शेवटचा कट बारीक फीडवर, म्हणजे टूल सावकाश सरकवत, घे. गार होऊ दे म्हणण्याचं कारण आहे: २२ मिमीचा पोलादी रॉड ५० अंशांनी तापलेला असेल तर तो सुमारे ०.०१३ मिमी फुगलेला असतो. गरम असताना बरोबर भरलेलं माप गार झाल्यावर कमी भरतं. साध्या जॉबला हे चालून जातं, बेअरिंग बसवायच्या जागी चालत नाही.

काही लेथवर डायलची आखणी व्यासाप्रमाणेच केलेली असते. तिथे १.५ घेतलेस तर रॉड २३.५ राहील. म्हणून नवीन मशीनवर उभा राहिलास की पहिल्यांदा हे तपास: हलका कट, माप, मग डायल १० घरं पुढे, पुन्हा कट, पुन्हा माप. व्यास २० घरांइतका घटला तर डायल खोली दाखवते, १० घरांइतका घटला तर व्यास दाखवते. पाच मिनिटांचं काम आहे. आणि डायल ठरलेल्या रेघेच्या पुढे गेली तर नुसती मागे आणून रेघेवर ठेवू नकोस. स्क्रू आणि नट यांच्यात ढिलाई असते, त्यामुळे डायल मागे येते पण टूल जागचं हलत नाही. अर्धा फेरा पूर्ण मागे घे आणि पुन्हा पुढे येत रेघ गाठ.

स्पीडही तपास. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील कापताना कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटरच्या आसपास धरला तर २५ मिमीच्या रॉडला सुमारे ३२० आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात: १००० गुणिले २५, भागिले ३.१४ गुणिले २५. हा आकडा व्हायव्हात हमखास विचारतात. फेसिंग करताना, म्हणजे रॉडचं टोक सपाट कापताना, मधोमध बारीक टोक उरत असेल तर टूल सेंटरच्या उंचीवर नाही, खाली किंवा वर आहे. आणि चक की (रॉड पकडणाऱ्या चकची चावी) चकमध्ये ठेवून मशीन कधीही, एका क्षणासाठीही चालू करायची नाही. ती उडून अंगावर येते.

पुढच्या जॉबमध्ये टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा रॉड, येईल. तिथे हाच निम्म्याचा फास पुन्हा गळ्यात पडतो, म्हणून आताच सांगून ठेवतो. मोठा व्यास ३०, लहान २०, लांबी ५०. कंपाउंड रेस्टचा (टूल तिरकं सरकवणाऱ्या भागाचा) कोन काढायचा तर व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे १० भागिले १००. टॅन ०.१, कोन ५ अंश ४३ मिनिटं. खूप मुलं १० भागिले ५० करतात आणि ११ अंशांच्या वर कोन लावतात. टेपर दुप्पट होतो, आणि जॉब पुन्हा परत.

मोजण्याबद्दल एवढंच: मायक्रोमीटरवर बाहीवरची अर्ध्या मिमीची रेघ निसटणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. बाहीवर ७ च्या पुढे अर्ध्याची रेघ उघडी पडली असेल आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) २३ असेल तर माप ७.७३ आहे, ७.२३ नाही. शंका आली की व्हर्नियरने ढोबळ माप घेऊन ताडून पाहा. दोघांत अर्ध्या मिमीचा फरक आला तर रेघ निसटली, दुसरं काही नाही.

आता गणित. ४ मीटरचा सिंपली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला) बीम, डाव्या टोकापासून १ मीटरवर १० किलोन्यूटन, आडवा छेद ५० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच, जास्तीत जास्त बेंडिंग स्ट्रेस काढा. रिअ‍ॅक्शन (टेकूंचे उलटे जोर) तू बरोबर काढल्या आहेस: डावीकडे ७.५, उजवीकडे २.५. बेंडिंग मोमेंट (वाकवण्याचा जोर) ७.५ किलोन्यूटन-मीटर, बरोबर. सेक्शन मॉड्युलस म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले ६, ८३,३३३ घन मिमी, तेही बरोबर. मग ७.५ ला ८३,३३३ ने भागून ०.००००९ लिहिलंस आणि शेजारी न्यूटन प्रति चौरस मिमी असं एकक ठेवलंस. पुस्तकात ९० आहे.

वर किलोन्यूटन-मीटर, खाली मिमी. १ किलोन्यूटन-मीटर म्हणजे १० लाख न्यूटन-मिमी: न्यूटन करताना हजार, मिमी करताना आणखी हजार. ७५ लाख भागिले ८३,३३३ केलंस की ९० येतात. बस, एवढंच चुकलं होतं.

पण हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन सवयी लाव. पहिली, गणित वाचलं की काहीही करण्याआधी दिलेल्या सगळ्या संख्या न्यूटन आणि मिमीमध्ये करून डाव्या समासात एकाखाली एक उतरव. सूत्रात घालताना रूपांतर करायला गेलास की घाईत एक हजार सुटतो. दुसरी सवय जास्त मोलाची आहे: उत्तर आलं की ते खरं असू शकतं का, हे स्वतःला विचार. १० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन वजन. तुझं ०.००००९ म्हणजे टेबलावर ९ मिमी पाणी साठलं तर त्याचा जेवढा दाब पडेल तेवढा. एक टन लोड घेणाऱ्या बीममध्ये इतकाच स्ट्रेस असणं शक्य आहे का? माइल्ड स्टील साधारण २५० न्यूटन प्रति चौरस मिमीला यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं. बीमच्या उत्तरात ९०, १२०, १६० असे आकडे आले तर पटण्यासारखे. ०.००००९ किंवा ९ लाख आले तर एकक तपासायचं, सूत्र नाही.

एसएफडी (शिअर फोर्सची आकृती) आणि बीएमडी (बेंडिंग मोमेंटची आकृती) तू वेगवेगळे पाठ केले आहेस असं कागदावरून दिसतं. ते एकातून एक निघतात. याच बीमवर डावीकडून चाल. टोकाला ७.५ वर चढ, १ मीटर सपाट जा, लोडखाली १० खाली उतर म्हणजे उणे २.५, तिथून ३ मीटर सपाट जा, उजव्या टोकाला २.५ वर ये आणि शून्यावर थांब. शून्यावर पोचला नाहीस तर रिअ‍ॅक्शन चुकली, पुढे जाऊच नकोस. आता त्याच आकृतीचं क्षेत्रफळ: पहिला आयत ७.५ गुणिले १, म्हणजे ७.५. हीच लोडखालची बेंडिंग मोमेंट. दुसरा आयत २.५ गुणिले ३, तोही ७.५, पण रेषेखाली. वजा केला की टोकाला शून्य. यूडीएलवरही, म्हणजे सगळ्या लांबीवर सारख्या पसरलेल्या लोडवरही, हेच चालतं. ४ मीटरवर मीटरला ५ किलोन्यूटन असेल तर दोन्ही रिअ‍ॅक्शन १०, शिअर फोर्स १० पासून उणे १० पर्यंत तिरका उतरतो आणि मधोमध शून्य होतो. अर्ध्या भागाचा त्रिकोण: अर्धा गुणिले २ गुणिले १०, म्हणजे १०. सूत्रानेही १०च येतात. ज्याला हे क्षेत्रफळ दिसलं त्याला निम्मी सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट हातात घेऊन पाहा. तुझ्या दप्तरातली स्टीलची पट्टी, समजा २५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड. आडवी धरून वाकव, बोटाने वाकेल. आता तीच उभी धरून वाकव. वाकत नाही. लोखंड तेच, वजन तेच. फरक मोमेंट ऑफ इनर्शियाचा, म्हणजे छेदाच्या आकाराने वाकण्याला होणाऱ्या विरोधाचा: आडवी असताना २५ गुणिले १ चा घन भागिले १२, उभी असताना १ गुणिले २५ चा घन भागिले १२. दुसरी संख्या पहिलीच्या ६२५ पट. परीक्षेत रुंदी आणि उंची यांची अदलाबदल करणाऱ्या मुलांनी ही पट्टी एकदा वाकवली असती तर ती चूक झालीच नसती. घन नेहमी उंचीचा, म्हणजे ज्या दिशेने लोड येतो त्या दिशेच्या मापाचा.

ड्रॉइंगची शीट. रेषा स्वच्छ आहेत, मापं बरोबर आहेत, अक्षरही छान आहे. पण प्रश्नात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन म्हटलं होतं आणि तू टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या वर काढला आहेस. तो थर्ड अँगल झाला. डाव्या बाजूने पाहिलेला साइड व्ह्यूही डावीकडेच ठेवला आहेस, फर्स्ट अँगलमध्ये तो उजवीकडे जातो. एवढ्या एका कारणाने अख्ख्या प्रश्नाचे गुण जाऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा बॅक लागण्यामागे बहुधा हेच आहे. आपल्याकडे भारतीय मानकांप्रमाणे फर्स्ट अँगलच वापरतात.

‘फर्स्टमध्ये टॉप खाली’ असं घोकलंस तर परीक्षेच्या गडबडीत उलटं आठवेल. कारण एकदा डोळ्यांनी पाहा. जाड पुठ्ठा घे, मधोमध दुमड, एक अर्धा भिंतीसारखा उभा आणि एक जमिनीसारखा आडवा ठेव. दुमडलेली घडी म्हणजे एक्स-वाय रेषा. त्या कोपऱ्यात कपडे धुवायच्या साबणाचा एक तुकडा ठेव. तो भिंतीच्या पुढे आणि जमिनीच्या वर आहे, हाच पहिला कोन. समोरून पाहिलंस की जे दिसतं ते मागच्या भिंतीवर उमटतं, तो फ्रंट व्ह्यू. वरून पाहिलंस की जे दिसतं ते खालच्या जमिनीवर उमटतं, तो टॉप व्ह्यू. आता कागद सपाट करायचा म्हणून जमिनीचा अर्धा खाली पाड. टॉप व्ह्यू आपोआप एक्स-वायच्या खाली गेला. डावीकडून पाहिलं तर चित्र पलीकडच्या, म्हणजे उजव्या भिंतीवर पडतं, म्हणून ते उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये प्रतल तुझ्या आणि वस्तूच्या मध्ये काचेसारखं असतं, म्हणून तिथे वरचं वर आणि डावीकडचं डावीकडे राहतं.

साबण उगाच सांगितलेला नाही. दहा-वीस रुपयांची वडी आण, पुस्तकातली आकृती बघून सुरीने पायऱ्या काप, खाच पाड, उतार दे. मग तो तुकडा हातात धरून तिन्ही बाजूंनी बघत व्ह्यू काढ. रोज एक आकार, तीन आठवडे. वडी झिजली की घरात धुवायला वापरता येते, आई रागावणार नाही. मोबाइलवरच्या थ्रीडी मॉडेलने हे साधत नाही, कारण तिथे वस्तू आपणच फिरवतो आणि आपण कुठून पाहतोय हे डोक्यात राहत नाही.

प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्समध्ये (घन आकारांच्या आकृत्यांत) तू कोपऱ्यांना नंबर दिलेले नाहीत. षटकोनी प्रिझमचे बारा कोपरे असतात, त्यांतून नंबराशिवाय वाट काढणं कोणालाच जमत नाही. अक्ष एचपीला (आडव्या प्रतलाला) ४५ अंशांत कलता असेल तर पहिल्या टप्प्यात प्रिझम सरळ उभा मान. टॉप व्ह्यूमध्ये खरा षटकोन, त्यावरून फ्रंट व्ह्यू, सगळ्या कोपऱ्यांना नंबर. दुसऱ्या टप्प्यात तोच फ्रंट व्ह्यू मापात जराही बदल न करता तिरका काढ. मग तिरक्या फ्रंट व्ह्यूतून उभ्या रेषा आणि पहिल्या टॉप व्ह्यूतून आडव्या रेषा आण. एकाच नंबराच्या दोन रेषा जिथे भेटतील तो नवा कोपरा. शेवटी जोडताना बाहेरची कड नेहमी पक्की. आतल्या रेषांपैकी फ्रंट व्ह्यूमध्ये जे कोपरे वर आहेत त्यांच्या रेषा दिसतात, खालच्यांच्या तुटक.

बांधणीच्या रेषांना २ एच, बाह्यरेषेला एचबी. तुझ्या शीटवर सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आहेत, त्यामुळे चांगलं काम असून नजरेत भरत नाही. आयसोमेट्रिकमध्ये (एकाच चित्रात तिन्ही बाजू दाखवणाऱ्या आकृतीत) ०.८१६ चं प्रमाण फक्त ‘आयसोमेट्रिक प्रोजेक्शन’ विचारलं तरच लावायचं, ‘आयसोमेट्रिक व्ह्यू’ म्हटलं तर खरी मापं घ्यायची.

तू पाठवलेल्या पानांत भाषेचाही एक घोळ दिसला आणि तो इंदूरच्या मराठी मुलांचा खास घोळ आहे. घरी आपण ताण म्हणतो, हिंदी पुस्तकात प्रतिबल असतं, सर स्ट्रेस म्हणतात, आणि ‘तनाव’ म्हणजे हिंदीत टेन्शन. तू एका ठिकाणी टेन्साइल फोर्सच्या जागी स्ट्रेस धरला आहेस तो यामुळेच. एक वही कर, पानाला तीन उभे रकाने: इंग्रजी शब्द, हिंदी शब्द आणि तुला घरी समजावून सांगायचं तर तू जे म्हणशील ते. बेंडिंग मोमेंट, नमन आघूर्ण, ‘वाकवण्याचा जोर’. शिअर, अपरूपण, ‘कात्रीसारखं सरकवणं’. थ्रेडला वर्कशॉपमध्ये चूडी म्हणतात, घरी आटे. फाइलला रेती, घरी कानस. तिसरा रकाना कोणी तपासणार नाही, पण समज तिथेच तयार होते. एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमाची पुस्तकं हिंदीत आणि मराठीतही मोफत आहेत, तीही शेजारी ठेव. आणि राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाच्या डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न दोन्ही भाषांत असले तरी वाद आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो, हे वर छापलेलं असतं. तेव्हा उत्तर हिंदीत लिही, पण प्रश्न एकदा इंग्रजीत वाचून मगच पेन उचल.

गेस पेपर पाठ करू नकोस. थिअरीच्या विषयात एखाद्या वेळी नशीब साथ देईल, पण तुझे दोन्ही विषय करून दाखवायचे आहेत. लोड १ मीटरऐवजी दीड मीटरवर आला की पाठ केलेलं गणित कोसळतं. त्यापेक्षा मागच्या पाच परीक्षांचे पेपर घे आणि कोणत्या प्रकारचा प्रश्न किती वेळा आला याच्या रेघा मार. प्रकार मोजकेच निघतील. प्रत्येक प्रकारची पाच गणितं घड्याळ लावून, पुस्तक बंद ठेवून सोडव. उत्तर चुकलं तरी फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरचे सगळे जोर दाखवणारी आकृती), सूत्र आणि एककासह मांडणी स्वच्छ असेल तर टप्प्याटप्प्याचे गुण मिळतात, म्हणून नुसतं उत्तर कधी लिहू नकोस.

राहिला बाबांचा आणि काकांच्या दुकानाचा प्रश्न. बाबांचा राग तुझ्यावर नाही, त्यांना वर्षं वाया जाण्याची भीती आहे, आणि ती रास्त आहे. त्यांना वादाने पटणार नाही. तो १९ चा रॉड घरी आणता आला तर आण, त्यांच्यासमोर ठेव आणि तो १९ का झाला हे नीट समजावून सांग. आजोबा असतील तर त्यांनाही बसव, फिटरला ही गोष्ट अर्ध्या वाक्यात कळेल. आणि दुकानात बस, पण आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शिकण्यासाठी. सियागंजातलं हार्डवेअरचं दुकान तुझ्यासाठी फुकटची लॅब आहे.

बेअरिंगचा खोका उघड. ६२०५ लिहिलेलं असेल तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुण: आतला व्यास २५ मिमी. व्हर्नियर लावून खात्री कर, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ भरेल. ६२०४ असेल तर २०, ४७, १४. हा पाचाचा नियम ०४ पासून पुढे चालतो, त्याआधी ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. मग हाय टेन्साइल बोल्टच्या डोक्यावर बघ, ८.८ कोरलेलं असेल. पहिला ८ म्हणजे अल्टिमेट स्ट्रेंथ (तुटेपर्यंत सोसला जाणारा ताण) ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी, पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर यील्ड, म्हणजे ६४०. एम१० बोल्टचं आट्यांवरचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी धरतात. ५८ गुणिले ६४०, सुमारे ३७ किलोन्यूटन, जवळजवळ पावणेचार टन ओढ. ज्या विषयात तुला बॅक आहे तो विषय काकांच्या दुकानात किलोवर विकला जातो आहे. आणि एम१० च्या आट्यांसाठी ड्रिल ८.५ चं लागतं हे गिऱ्हाइकाला सांगता आलं तर काकाही तुला नुसतं गल्ल्यावर बसवणार नाहीत.

पुढची वाटही बाबांना सांगून ठेव. बॅक निघून डिप्लोमा पूर्ण झाला की लॅटरल एंट्रीने बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नोकरी करायची असेल तर अप्रेंटिसशिप कायद्याखाली डिप्लोमावाल्यांसाठी एक वर्षाचं प्रशिक्षण असतं, त्याची नोंदणी नॅट्स पोर्टलवर होते. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेलाही डिप्लोमा चालतो. पीथमपूर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे ट्रकपासून टायरपर्यंत सगळं बनतं. टूल आणि डायच्या कामाची गोडी लागली तर सांवेर रोडवरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रम बघ. क्वालिटीच्या कामाला गेलास तर पहिल्या दिवशी हातात ड्रॉइंग देतील, त्यावर २५ एच७/जी६ लिहिलेलं असेल, म्हणजे २५ मिमीच्या भोकात शाफ्ट किती सैल बसावा याची खूण. भोक २५.००० ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणजे दोघांतली फट कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिमी. हे तक्त्यातून वाचायला एका संध्याकाळी शिकता येतं.

वेळ अशी वाट: सकाळी ताज्या डोक्याने एक तास स्ट्रेंथ, रात्री जेवणाआधी एक तास ड्रॉइंग. रविवारी एक पूर्ण शीट, तीन तास, मध्ये न उठता. वर्कशॉपच्या सरांना भेट आणि चूक कशी झाली हे कळलं आहे असं सांगून एक रिकामा रॉड माग. फसलेला जॉब पुन्हा करायला मागणारा विद्यार्थी शिक्षकांना क्वचित भेटतो, ते नाही म्हणणार नाहीत.

तीन आठवड्यांनी आम्हाला पुन्हा लिही. सोबत एका शीटचा फोटो हवा आहे: साबणाचा तुकडा, त्याचे फर्स्ट अँगलमध्ये तीन व्ह्यू, आणि शीटच्या कोपऱ्यात प्रोजेक्शनचं चिन्ह. त्यात निमुळता शंकू डावीकडे, त्याचं लहान टोकही डावीकडे, आणि दोन वर्तुळं उजवीकडे. ती उजवीकडेच का, हे शीटच्या मागे दोन ओळींत तुझ्या शब्दांत लिही.